तोफखान्यात हरवलेला षड्ज

राम आळीतल्या मन्सूरभाईंच्या दुकानात मनस्विनी शिरली ती छत्री न मिटताच. छत्रीच्या काडीत दारातला उंच स्पीकर अडकला, डुगडुगला, आणि त्याच्यामागे वाकून वायर जोडणाऱ्या एका तरुणाच्या मानेत गार पाण्याची धार गेली.

"आई गं!"

"मन्सूरचाचा, हा सेट परत घ्या!" तिने काळा-सोनेरी खोका काउंटरवर आदळला. त्या 'आई गं'कडे तिचं लक्षही नव्हतं.

"अगो मनू, छत्री तरी मीट. दुकानात अजून पाऊस पडत नाही," मन्सूरभाई म्हणाले.

बाहेर मात्र पडत होता. मार्गशीर्षातला, कुणी न बोलावलेला पाऊस. कलमांना मोहोर धरलेला, आणि सगळे बागायतदार आभाळाकडे बघून बोटं मोडत होते. मनस्विनीचा रागही त्या पावसासारखाच होता. अवेळी आलेला आणि थांबायला तयार नसलेला.

स्पीकरमागचा तरुण मान पुसत उभा राहिला, आणि तिच्याकडे बघून तसाच राहिला. रुमाल मानेवर, तोंड अर्धं उघडं.

"काय झालं? भूत बघितलंत का?"

"भूत नाही… तुम्ही… म्हणजे, तेव्हा नाकात चमकी नव्हती."

"काय?"

"आणि केसही आखूड होते."

"अरे ए वेद!" मन्सूरभाईंनी कपाळावर हात मारला. "पोरीशी असं बोलतात काय? मार खाशील, आणि वर माझं दुकान बदनाम होईल. मनू, हा वेद शिवलकर, मिरजोळ्याचा. गुणी पोरगा आहे गो. जुन्या सिनेमांच्या नव्या डिस्क निघतात ना, त्या बाजारात यायच्या आधी हा घरी बसून तपासतो. मुंबईच्या कंपनीचं काम."

"आणि माझी चमकी कशी तपासली यांनी?"

वेदने खोक्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही यात आहात. तिसऱ्या भागात, देवळाच्या प्रसंगात… बुवांच्या मागे, तंबोरा घेऊन. तो प्रसंग मी पुष्कळदा पाहिलाय. कामासाठीच! ओरखडा आहे का, चेहरे मेणासारखे गुळगुळीत झालेत का, अंधारात रंग फाटतोय का…"

"मग? ओरखडा सापडला?"

"एकही नाही. फक्त एका ठिकाणी तुम्ही जांभई दाबलीय. ती फार स्वच्छ दिसते."

मनस्विनीला हसू आलं, अगदी ओठांपर्यंत. पण आपण इथे कशाला आलो ते आठवलं आणि ते हसू तिने त्या जांभईसारखंच दाबलं.

गोष्ट अशी होती. 'तोफखाना' ही पाच भागांची मारधाडीची सिनेमामालिका कोकणात कुणाला ठाऊक नाही? तिच्या तिसऱ्या भागात नायक शत्रूला चुकवून एका देवळात शिरतो आणि कीर्तनाच्या श्रोत्यांत मिसळून बसतो. ते देऊळ गावातल्याच वरच्या आळीतलं दत्तमंदिर, आणि ते कीर्तन मनस्विनीच्या वडिलांचं, चारुदत्तबुवा आठल्यांचं. बुवांची एक रीत होती. आरंभीच्या नमनाला पेटी नाही, तबला नाही, नुसता तंबोरा. "देवापुढे जाताना चार तारा पुरतात," असं ते म्हणत. दिग्दर्शकाला ती रीत आवडली आणि त्याने नमन तसंच्या तसं घेतलं. त्यानंतर लगेच बॉम्ब फुटायचे ते वेगळं.

बुवांच्या भरातल्या गळ्याचं तेवढंच एक ध्वनिमुद्रण. जुन्या डिस्कमध्ये चित्र काळोखं आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा. म्हणून नवा संच निघणार कळल्यापासून बुवा लहान पोरासारखे वाट बघत होते. संच आला, आळी जमली, चिवडा झाला, चहा झाला. चित्र तर असं लख्ख, की बुवांच्या उपरण्यातले जरीचे धागे मोजून घ्यावेत. आणि मग गळा ऐकू आला… उघडावाघडा, पोरका. षड्जावर यायचा तिथे तिथे चिखलात पाय रुतावा तसा खचायचा.

"बुवा, त्या दिवशी घसा बसलेला काय?" कुणीतरी आपलं सहज विचारलं.

बुवा हसले. सकाळी मात्र देवळात जाऊन दत्तजयंतीच्या कीर्तनासाठी मिळालेला मानाचा नारळ परत देऊन आले. घरी येऊन तंबोऱ्याला गवसणी घातली. "माझा सा तेव्हाही लागत नव्हता गो मनू. लोक भले, म्हणून इतकी वर्षं ऐकून घेत आले. आता पुरे."

"जयंती चार दिवसांवर आलीय," मनस्विनी म्हणाली. "ते आता गुणगुणत पण नाहीत, चाचा. या डिस्कने माझ्या बाबांचं कीर्तन बंद पाडलं."

मन्सूरभाईंनी खोक्यातून तिसरी डिस्क काढली आणि दुकानातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर लावली. समया उजळल्या. बुवांनी हात जोडले. त्यांच्या मागे आखूड केसांची मनस्विनी, डोळे खाली. तिची बोटं चार तारांवरून एकामागून एक फिरत होती.

आणि त्या तारांचा आवाज नव्हता.

वेद पडद्याच्या अगदी जवळ गेला. त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"देवळामागे तेव्हा जनरेटर होता का?"

"होता. दिवसभर घूं घूं चाललेली."

"ती घूं काढायला सांगितली होती. तंबोरा आणि जनरेटर एकाच स्वरात वाजत होते. मशीनने दोन्ही काढले. आणि बुवांचा सा तिथेच लागतो, म्हणून त्यातलाही तेवढा भाग…" त्याने डिस्क थांबवली. "मशीनने काढलं, पण नंतर तपासायचं मी होतं. मीच पास केली ही डिस्क."

मग मनस्विनीने छत्री उचलली.

"जांभई दिसली तुम्हाला," ती म्हणाली. "तंबोरा नाही ऐकू आला."

आणि पावसात छत्री न उघडताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परटवण्याच्या त्यांच्या घरासमोर स्कूटर थांबली. वेद नखशिखांत भिजलेला. पण पोटाशी धरलेली प्लास्टिकची पिशवी कोरडी. पाठीला बांधलेला मन्सूरभाईंचा स्पीकर घोंगडीत गुंडाळलेला.

"बुवांना भेटायचंय," तो म्हणाला. तिने वाट अडवली होती. "मग हवं तर हाकलून द्या."

"मनू, कोण आहे गो? आत घे. देवाच्या उत्सवाचे दिवस, दारातून कुणाला पाठवू नये," आतून बुवांचा आवाज आला.

वेदने नमस्कार केला, स्पीकर जोडला, आणि काही समजावत न बसता आवाज लावला. चित्र नाही, नुसता आवाज. कंपनीकडून मागवलेला, चित्रीकरणाच्या दिवशीचा, कुणीही न धुतलेला. आधी जनरेटरची घूं. एक कावळा. कुणाचं तरी खोकणं. मग त्या सगळ्याच्या खालून, जमिनीतून झरा फुटावा तसा, तंबोरा. आणि त्याच्यावर बुवांचा षड्ज येऊन बसला… माहेरच्या ओटीवर लेक बसते तसा निवांत.

बुवांचे डोळे मिटले. उजवा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. मनस्विनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं.

आवाज थांबला.

"म्हणजे होता," बुवा हळूच म्हणाले.

"होता, बुवा. मी घालवला." वेदने सगळं सांगितलं. मान खाली घालूनच. "कंपनीला कळवलंय, चूक माझी. तिसरी डिस्क ते नव्याने काढतील. तूर्त त्यांनी माझं काम थांबवलंय."

"मशीनवर ढकलता आली असती की," मनस्विनी पटकन बोलून गेली.

"आली असती. पण मशीनने कधी कीर्तन ऐकलेलं नाही. मी लहानपणापासून ऐकतोय."

"मग बाबा," बुवांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, "कान इतका तयार असून तंबोरा नाही हे कळलं कसं नाही तुला?"

वेद स्पीकरची वायर गुंडाळू लागला.

"झोप लागलेली काय?"

"नाही बुवा. चित्र बघत होतो."

"चित्रात बघण्यासारखं काय एवढं? मी तर तेव्हाही टकलाच होतो."

वेदचे कान तांबडे झाले. त्याने चुकूनसुद्धा दाराकडे बघितलं नाही, आणि तेच फार बोलकं झालं. मनस्विनी चहा बघायला म्हणून आत पळाली. चुलीवर चहा नव्हताच.

बुवा मनापासून हसले. कितीतरी दिवसांनी घरात ते हसू फिरलं. "डोळ्यांनी तंबोरा बघत होता, आणि कानांनी काहीच नाही! ऐक. देवाकडे बघताना नाम विसरलं तर देव रागवत नाही. पण गाणाऱ्याचा सा विसरलास, तर गाणारा रागावतो. तुला शिक्षा आहे. मी नारळ परत मागून आणतो. जयंतीला तू पहिल्या रांगेत बसायचं, आणि संपेपर्यंत डोळे मिटून ऐकायचं. उघडलेस तर सगळ्यांसमोर नाव घेईन."

"मी येतो, बुवा," वेद म्हणाला. "पण तुम्ही गाल ना?"

"आधी बघू तरी, सा घरी आहे का अजून." बुवांनी आत हाक मारली. "मनू, चहा राहू दे. गवसणी काढ."

दत्तजयंतीला आभाळ निवळलं. मोहोर वाचला होता. वरच्या आळीत त्याचा आंबटगोड वास भरला होता. दत्तमंदिरात पाय ठेवायला जागा नाही. गळ्यात हार, कपाळी बुक्का, बुवा उभे राहिले. मागे मनस्विनीने तंबोरा छेडला. पहिल्या षड्जाला सभामंडपातली कुजबुज विझली. गळा आता पूर्वीचा नव्हता. जाडसर झालेला, वयाने थोडा खरवडलेला. पण सा खचला नाही. उलट जुन्या खांबावर असावं तसं त्यावर देऊळ तोलून राहिलं.

पहिल्या रांगेत वेद बसला होता. पाठ ताठ, डोळे घट्ट मिटलेले. परीक्षेला बसल्यासारखा.

मनस्विनीने आधी चुकून पाहिलं. मग मुद्दाम. त्याच्या भुवईत एक केस उलटा होता. आवडती जागा आली की त्याचा गळा गिळल्यासारखा हलायचा. बुवा वरच्या षड्जावर थांबले तेव्हा त्याच्या मिटलेल्या पापणीखालून पाणी आलं, आणि त्याने ते पुसलंही नाही. पुसायला डोळे उघडावे लागतील अशी त्याला भीती होती बहुतेक. ती बघत राहिली… आणि तिची एक तार राहून गेली. बुवांनी गाता गाता मान किंचित वळवली. ती दचकून ताळ्यावर आली.

पुढे निरूपणात बुवा म्हणाले, "मंडळी, भक्तीचे प्रकार नऊ. पहिलं श्रवण. दर्शन? ते त्या नवांत नाहीच! बघत काय बसता, आधी ऐका!" सगळी सभा हसली. पहिल्या रांगेतला एकजण डोळे मिटूनच हसला.

सूर्य टेकला, जन्म झाला, पाळणा हलला, आरती झाली. सुंठवडा घेऊन लोक पांगू लागले. मन्सूरभाई बाहेर आवाराच्या दगडी गडग्यापाशी उभे राहून कीर्तन ऐकून गेले होते, जाताना तिला एवढंच म्हणाले, "आवाज एकदम क्लिअर होता गो."

वेद खांबाशी उभा होता.

"आता उघडे चालतील ना डोळे?"

"उघडलेत की आधीच. काय ऐकलंत?"

"सगळं. एकदा एक तार राहिली. बुवा वरच्या षड्जावर थांबले होते तेव्हा."

मनस्विनीचे गाल तापले. खोटं बोलता आलं असतं. "मी बघत होते," ती म्हणाली.

"कुणाकडे?"

"तपासत होते. ओरखडा आहे का ते."

"मग… सापडला?"

"एकही नाही."

मग तो एकदम धीर करून म्हणाला, "श्रवण झालं. आता मला थेट आठव्यावर यायचंय. सख्य. आणि नववं, आत्मनिवेदन, ते बुवांसमोर करीन. चालेल?"

"असं मधलं गाळून चालत नाही," ती म्हणाली, आणि आपल्या उंचीएवढा तंबोरा तिने त्याच्या हातांत दिला. "सातवं दास्य राहिलंय. उचल. घाटी उतरून घरापर्यंत न्यायचाय. भोपळा कुठे आपटलास तर बघ."

"आणि मग सख्य?"

घाटीवर मोहोराचा वास आणखी दाट झाला होता. बुवा पुढे निघून गेले होते, मुद्दामच जरा भरभर, आणि काहीतरी गुणगुणत.

"वाट लांब आहे," मनस्विनी म्हणाली. "चल तर खरा."