लिहिले गेले असे समजावे

बाराव्या फेरीला निकाल लागला. विनया डोंगरेने तो दोनदा वाचला आणि काहीच कारण नसताना उठून खिडकी उघडली.

मिरजेतल्या त्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर स्वरपेढी होती. कर्करोगामुळे ज्यांचे स्वरयंत्र काढावे लागणार, त्यांचा चाळीस तासांचा आवाज शस्त्रक्रियेआधी मुद्रित करून ठेवत. त्यावरून स्वरप्रतिमा घडवली की गळ्यातल्या कंठपट्टीतून माणूस पुन्हा स्वतःच्याच आवाजात बोलू लागे. हे आवाज दोन साठवणयंत्रांत असत. त्या यंत्रांचा गाभा, म्हणजे स्मृतीपासून तबकडीपर्यंत सगळ्यांवर हुकूम चालवणारी मूळ प्रणाली, विनयाच्या गटाने लिहिला होता. माहिती आधी कार्यस्मृतीत येई आणि तिथून पानापानाने तबकडीवर लिहिली जाई; यंत्र बंद झाले की कार्यस्मृती कोरी होई.

गेल्या वर्षीचा गाभा बिनतक्रार चालला. यंदाची आवृत्ती बसवल्यावर मात्र पहिल्या यंत्रात केलेले एक चाचणीमुद्रण काही दिवसांनी कोरे निघाले. दोन आवृत्त्यांमध्ये सुमारे चार हजार बदल होते. त्यांतला दोषी शोधायची रीत सोपी, फक्त कंटाळवाणी. मधली आवृत्ती बसवायची, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि दोष दिसतो का ते पाहायचे. दिसला तर गुन्हेगार जुन्या अर्ध्यात, नाही तर नव्या. असे अर्धे करत करत बारा फेऱ्यांत एकच बदल हाती उरतो.

विनयाला खरे तर गुन्हेगार आधीच ठाऊक होता, निदान तिला तसे वाटत होते. तबकडीवर लिहायच्या कामांची रांग लावणारा भाग गटातल्या यासीन मुजावरने नव्याने लिहिला होता. बुधवारच्या बैठकीत ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "चालत्या रांगेला हात लावल्यावर दुसरं काय होणार?" यासीन चहा पीत राहिला होता. शुक्रवारच्या बैठकीआधी पुरावा त्याच्यापुढे आपटायचाच, या ईर्षेने तिने गुरुवारी सकाळी पहिली फेरी सुरू केली होती.

आणि आता पडद्यावर हे होते: 'पान लिहिता न आल्यास चूक एकदा कळवावी. त्यानंतर पान लिहिले गेले असे समजावे.' खाली नाव होते विनया डोंगरे.

तिने यासीनला बोलावले. त्याने वाचले. तो हसला असता तर तिला बरे वाटले असते.

"हे का केलं होतंस?" त्याने विचारले.

"तबकडी बिघडली की न लिहिलेली पानं कार्यस्मृतीत साचायची. शेवटी यंत्रच अडकून पडायचं. म्हटलं, चूक सांगून टाकायची आणि पान मोकळं समजायचं."

"सांगायची कुणाला?"

"जो पहिल्यांदा विचारेल त्याला."

"आणि दुसऱ्यानं विचारलं तर?"

"त्याला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं जातं." हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना तिला स्वतःचीच लाज वाटली. आठ महिन्यांपूर्वी तिला ते फार हुशारीचे वाटले होते.

"इथं पहिल्यांदा कोण विचारतं?"

"पहारेकरी प्रणाली. तीही माझीच. दर मिनिटाला विचारते, सगळं लिहून झालं का? चूक तिला कळली, तिनं नोंदवहीत टाकली. मागून मुद्रणप्रणालीनं विचारलं, तर गाभा म्हणाला, झालं."

"नोंदवही कोण वाचतं?"

"मी वाचायला हवी होती."

यासीनने खुर्ची ओढली. "थांब. पान मोकळं समजलं, तरी लगेच पुसलं जात नाही ना?"

"नाही. दुसऱ्या कशाला जागा लागेपर्यंत कार्यस्मृतीत तसंच राहतं. कुणी मागितलं तर तिथूनच मिळतं. फक्त यंत्र बंद..."

ती मध्येच थांबली. 

तपासाआधी सगळ्या आवाजांची प्रत काढून ठेवावी असा नियम होता. त्याला सहा तास लागत. विनयाने गुरुवारी तेवढी कळ काढली नव्हती. पहिल्या यंत्रातले पाचही आवाज तिने वाजवून पाहिले होते. बाबासो खोतांचाही पाहिला होता. खोत म्हणजे कुस्तीच्या मैदानावरचे निवेदक. त्यांनी वरचा सूर लावला की पार कडेच्या झाडावर चढून बसलेला माणूससुद्धा पुढे सरके. आवाज खणखणीत वाजला, तेव्हा 'सुखरूप आहे' म्हणून तिने यंत्र बंद केले. तो कार्यस्मृतीच्या जोरावर वाजत होता. तबकडीवर तो पुरता कधी पोचलाच नव्हता.

आता दोघांनी नोंदवही उघडली. आवाज सांकेतिक रूपात ठेवत आणि तो उलगडण्याची किल्ली एका पानावर असे. खोतांचे नेमके तेच पान तबकडीच्या बिघडलेल्या जागी पडले होते. चाळीस तासांची आता निव्वळ खरखर उरली होती.

"दुसरं यंत्र?" यासीन उठत म्हणाला.

"चालू आहे. त्याला हात लावू देऊ नकोस कुणाला. आधी प्रत काढ."

त्या यंत्रातही दोन किल्ल्या नुसत्या कार्यस्मृतीत तग धरून होत्या. दोन्ही वाचल्या. ते यंत्र बंद करावे असे कुणाला वाटले नव्हते, एवढेच.

"बदल तुझा होता, पण तबकडी बिघडलेली होती," यासीन म्हणाला. "अहवालात तसं लिहिता येईल."

"काल सकाळी आवाज होता, यासीन. बदलानं नाही घालवला. तू दोषी ठरावास म्हणून मी घाई केली, त्या घाईनं घालवला."

खोत दुपारी चार वाजता आले. शस्त्रक्रियेला अठरा दिवस झाले होते, गळ्याशी स्वच्छ पांढरा रुमाल होता. पत्नी इंदूताई बाहेर कागदपत्रांच्या खिडकीपाशी थांबल्या होत्या. विनयाने दार लोटून घेतले आणि बसायच्या आधीच सगळे सांगितले. यंत्र कुणी बंद केले, कशासाठी केले, तेही सांगितले.

खोतांनी लिहायची पाटी मांडीवर घेतली. 'सगळा?'

"सगळा."

 विनयाला वाटले, या माणसाने ओरडायला हवे होते. ती सोयही तिने ठेवली नव्हती.

मग त्यांनी लिहिले, 'हिला सांगू नका. ऑपरेशनला तयार नव्हतो. आवाज ऱ्हातोय म्हणून तिनंच तयार केलं.' विनयाने वाचल्याची खात्री करून त्यांनी पाटी पुसली.

इंदूताई फाईल घेऊन आत आल्या. "कदी बसवायची वो पट्टी?"

खोतांनी हात हलवून दाखवले, बसवतील सावकाश, सगळं झ्याक आहे. वर हसलेही. इंदूताईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि मग विनयाकडे वळल्या. "मॅडम, समदं नीट हाय न्हवं?"

खोत विनयाकडे रोखून बघत होते. नुसती मान हलवली असती तरी भागले असते.

"नाही, इंदूताई. आवाज गेला. माझ्या हातून गेला."

खोतांनी डोळे मिटून घेतले. इंदूताई उभ्याच राहिल्या. फाईल त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"रेकार्डिंगच्या शेवटच्या दिशी त्येंनी त्यात मला नावानं हाक मारलीती," त्या म्हणाल्या. "कदी मारत नाहीत. तेवढी तरी ऱ्हायली आसंल की."

"नाही," विनया म्हणाली.