कच्चा आवाज

गुरू ग्रहाच्या वाटेवर असलेल्या 'ध्रुवा' यानाच्या संदेशकक्षात डॉ. शर्वाणी गोगटेने मुलीचा निरोप पुन्हा ऐकला.

"आई, आज मी शाळेत चित्र रंगवले. मला फार आनंद झाला."

"ही माझी जुई? ही तर बातम्या देणारी बाई!" ती म्हणाली. "तिचा बाबा नचिकेत सांगतो, अजून रंगाला लंगच म्हणते. मग इथे हा 'र' आला कुठून?"

यानाचा ध्वनी-अभियंता इब्राहिम मुजावर हसला. "वाणीशोधकातून, ताई. इतक्या लांबून अख्खा आवाज पाठवायला वीज कुठली? यंत्र बोलण्यातला अर्थ तेवढा पाठवतं. पलीकडचं यंत्र त्यावरून त्याच माणसाचा आवाज नव्याने रचतं. बोबडेपणा, अडखळणं, हुंदका, सगळा त्याच्या लेखी कचरा."

"किती कचरा काढायचा हे कोण ठरवतं?"

"त्याच्या पायऱ्या असतात. आपण सगळ्यात वरच्या पायरीवर आहोत, तिथेच वीज कमी लागते. बनवणाऱ्यांनी तिला इंग्रजी नाव दिलंय, पर्सनिकेटी."

"म्हणजे काटेकोर?"

"छे! काटेकोर म्हणजे कौतुक झालं. पर्सनिकेटी म्हणजे पंगतीत मीठ उजवीकडे वाढलं म्हणून ताटावरून उठणारे काका. मीठ डावीकडेच हवं, चूक नाही त्यांची. पण जेवण राहिलं ना! आमच्या मिरजेत तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवतात, त्यानं तार गुंजते. हे यंत्र तो दोरा केर समजून काढून टाकेल."

शर्वाणी निघाली तेव्हा जुई जेमतेम दोन वर्षांची होती. परत पोचेपर्यंत ती दहाची होईल. तोवर बोबडे बोल थोडेच टिकणार?

"एकदाच कच्चा आवाज ऐकव मला."

"आठवडाभराची वीज जाईल, ताई. तुमचे प्रयोग बंद पडतील."

"पडू देत."

"मग दोन्हीकडून कच्चाच ठेवू. आधी तुम्ही बोला."

नीट बोलायचं ठरवूनच ती बसली होती. पण "जुईटले" म्हणताच वाक्य तुटलं, नाक ओढलं गेलं, हसता हसता रडू फुटलं. मग तिने बेसूर आवाजात अंगाई म्हटली.

उत्तर यायला बराच वेळ लागला. आधी कुकरची शिट्टी वाजली. ती ऐकूनच शर्वाणीने इब्राहिमचा हात घट्ट धरला. मग नचिकेत म्हणाला, "बोल ना गं, आई आहे."

"ही आई नाहीये."

तो खरखरीत, शेंबडा, सुंदर आवाज! शर्वाणी पुढे वाकली.

"आईच आहे, राजा," नचिकेत तिला समजावत होता.

"नाही! माझी आई कधीच लडत नाही. ती छान बोलते. बाबा, ही बाई नको. मला भीती वाटते. माझी आई लाव ना!"

पुढे नुसतं रडणं होतं. मग तेही संपलं.

इब्राहिम पडद्याकडे पाहत राहिला. "ताई, तुमचा खरा आवाज तिला आठवतच नाही. दोन वर्षं ती यंत्रातल्याच..."

"कळलं मला." तिने डोळे पुसले नाहीत. "लाव परत."

"थोडी खालची पायरी लावू?"

"नको. पर्सनिकेटीच."

यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. शर्वाणी हमसून हमसून रडू लागली, आणि रडतारडताच, शब्द तुटत असताना, बोलली, "जुई, आई आली हं परत. ती बाई गेली."

पृथ्वीच्या दिशेने निघालेल्या त्या निरोपात एकही हुंदका नव्हता.