परवाचं जेवण

कृत्रिम स्वादुपिंडाच्या प्रयोगशाळेत वैजयंती टिपणीस आडनावाला जागून टिपा लिहीत बसायची. संगणकाच्या आज्ञावलीच्या प्रत्येक भागाच्या डोक्यावर, त्या भागाने काय करायचं ते साध्या मराठीत लिहायचं. त्या टिपा वाचून चाचण्या रचायचं काम 'स्वयंपरीक्षक' नावाचा यंत्रमेंदू करी. महिनोन्महिने हेच करून तिचा जीव विटला होता.

"टीपच चुकली तर गं?" डॉ. नाडगौडांनी विचारलं. मधुमेह त्यांना लहानपणापासूनचा. इन्सुलिनचा पहिला पंप आपल्याच पोटावर लावायचा, हा हट्ट त्यांनी पुराही केला होता.

"तर चाचणीही चुकेल, सर. त्याच्या लेखी टीप म्हणजे ब्रह्मवाक्य. आज्ञावली टिपेशी जुळली नाही तर तो ती जुळेपर्यंत बदलतो. जुळली की थेट पंपात."

"मग बदल तपासतं कोण?"

"मी," ती जांभई देत म्हणाली. "डोळे उघडे राहिले तर."

सकाळी पडद्यावर एक चाचणी लाल झाली, म्हणजे नापास. दुपारी आपोआप हिरवी. "सुंठेवाचून खोकला गेला!" म्हणत सरांनी खुर्चीत मान टाकली आणि त्यांचा डोळा लागला. सगळेच इतके दमलेले, की तिथे कुणी कुणाला उठवत नसे.

वैजयंतीने नाइलाजाने बदललेला भाग उघडला. वर तिचीच टीप: "परवाच्या जेवणाचा आकडा घ्यावा. अंदाज नको, आकडा तंतोतंत खरा ठरावा." या नव्या इन्सुलिनचा परिणाम दोन दिवस रेंगाळायचा, म्हणून जुनी आज्ञावली होऊन गेलेल्या परवाचं जेवण बघे. स्वयंपरीक्षकाने येणारा परवा धरला होता. परवा आला होता की परवा येईल, हे मराठी माणसाला क्रियापदावरून कळतं. तिच्या 'घ्यावा'वरून कुणालाच कळलं नसतं.

तिला हसू आलं. अजून न झालेल्या जेवणाचा खरा आकडा हे गाढव आणणार कुठून?

त्याने आणला होता. परवाचं जेवण: शून्य. आणि हा आकडा खरा ठरावा, म्हणून आजची मात्रा दहापट.

"सर!"

नाडगौडांचा सदरा घामाने चिंब झाला होता. तिने पंपाची नळी उपटली, डॉक्टरांना बोलवा म्हणून ओरडली, चहाची साखर त्यांच्या हिरड्यांवर चोळत राहिली.

"सर, उठा हो! परवा जेवायचंय तुम्हाला, ऐकताय ना? येत्या परवा!"