रिकाम्या बाकावरचं ‘च्क’

मी थापाड्या आहे, हे आमच्या अख्ख्या ग्लोगोवो गावाला ठाऊक आहे. पण ही थाप नाही. माझ्या राकिया दारूच्या बाटलीची शपथ!

गेल्या नोव्हेंबरातली दुपार. डोंगरावर दाट धुकं. गावच्या कचेरीत दोनच माणसं. झ्लातिना आणि म्हातारा कारकून पेंचो.

झ्लातिनाची पोर बिल्याना. शाळेची घंटा वाजली, की धाडकन बेशुद्ध पडायची. गाव म्हणायचं, घराण्याला शाप आहे. प्लोव्दिव शहरातला डॉक्टर म्हणाला, “हृदयाचा दोष असेल. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? मृत्यूच्या नोंदी बघून या.”

“शाप गेला खड्ड्यात,” झ्लातिना म्हणाली. “काका, नोंदी काढा.”

पेंचोनं चष्मा पुसला. “कोल्यो. तुझा मामा. बुडून मृत्यू.”

च्क...

आमच्याकडे ‘नाही’ म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. मान वर झटकायची, जीभ टाळूवर वाजवायची. झालं.

“मला काय च्क करतेस?” पेंचो भडकला. “लिहिलंय तेच वाचतोय!”

“मी कुठं केलं?”

दोघांनी भिंतीकडच्या बाकाकडे पाहिलं.

बाक रिकामा होता...

आणि ओला.

“पुढचं वाचा,” झ्लातिना म्हणाली.

“पोरी, अगं...”

“वाचा!”

“रायना. तुझी आई.” पेंचोनं पान उलटलं. “चेरीच्या झाडावरून पडून.”

च्क...

हे ‘च्क’ झ्लातिना ओळखत होती. जत्रेत दुसरी मिठाई मागितली, की आई अस्संच करायची.

भर नोव्हेंबरात खोलीत पिकल्या चेरींचा वास सुटला.

पेंचो छातीवर क्रूसाची खूण करत उठला. “मी पाद्रीबाबांना आणतो!”

“बसा खाली! बोलतायत ती माझी माणसं आहेत.” ती बाकाकडे वळली. “आई, पडून नाही ना गेलीस तू? आधी काळीज बंद पडलं. मग पडलीस. खरं ना?”

तिनं कान दिला...

भिंतीवरचं घड्याळही गप्प झालं होतं.

‘च्क’ आलं नाही.

पेंचो खाली बसला. “चर्चची घंटा वाजली होती गं तेव्हा,” तो पुटपुटला. “मी तिथंच होतो. घंटा वाजली आणि ती वरून... आम्ही सगळे म्हणालो, पाय घसरला.”

“हेच लिहा. सही करा.”

“सरकारी नोंदीत खाडाखोड चालत नाही!”

“मग कोऱ्या कागदावर लिहा. इथं कुणाची हरकत दिसत नाही.”

डॉक्टरनं तो कागद वाचला. बिल्यानाला यंत्राच्या तारा लावल्या. दोष हृदयात सापडला. गोळ्या सुरू झाल्या. आता घंटा वाजते, आणि पोर उभी असते.

परवा डॉक्टरनं झ्लातिनालाही तपासलं. “तुमचं हृदय एकदम ठणठणीत आहे, बाई. निघा बिनधास्त.”

तिनं कोट चढवला. दाराकडे वळली.

कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला...

च्क.

डॉक्टरनं दचकून खुर्चीकडे पाहिलं.

झ्लातिनानं नाही. तिनं कोट काढून खुंटीला लावला आणि पुन्हा आडवी झाली.

“परत तपासा,” ती म्हणाली. “आई ऐकायची नाही.”