खंडेनवमीची छपाई

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे खरंच घडलंय, आणि जिच्यासोबत घडलं ती गंधाली माझी सख्खी मावसबहीण.

गोरेगावची गंधाली जर्मनीत डिझाइन शिकते. गेल्या वर्षी सुट्टीवर आली ती डोक्यात जुन्या छपाईचं खूळ घेऊनच. तिकडच्या कॉलेजला हातछपाईचा एक नमुना दाखवायचा होता. परतीच्या विमानाला एकच दिवस उरला होता.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत नंदकुमारकाका म्हणून एकांचा छापखाना सापडला. सकाळपासून बसून तिने शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. दुपारी मात्र काकांनी पायाने चालवायच्या मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला.

खंडेनवमी होती ती.

"आज ती आराम करणार. हात लावायचा नाही," काका म्हणाले आणि नारळ आणायला गेले.

गंधाली हट्टाची पक्की. एकच तर कागद, कोणाला कळणार?

तिने उजव्या हाताने कागद लावला आणि पायडल मारलं. दोन जड लोखंडी पाट्या जबड्यासारख्या उघडल्या, मिटल्या. कागद झकास छापून आला.

तिने पाय काढला...

चाक थांबलं नाही.

उलट वेग वाढला. हार तुटून खाली पडला. पायडल आपलं आपण वर-खाली होत होतं.

मग तिच्या उजव्या मनगटावर थंडगार बोटं आवळली... दिसत कोणीच नव्हतं. हात पाट्यांमध्ये ढकलला जायचा आणि त्या मिटायच्या आत मागे ओढला जायचा.

पुन्हा.

प्रत्येक वेळी थोडा उशिरा...

तिने डाव्या हाताने ओढून पाहिलं, पकड सुटेना.

"भीमराज!" दारात काका उभे होते. त्यांनी हातातला नारळ जमिनीवर फोडला. "पोरगी आहे रे. सोड तिला."

मशीन थांबली.

काकांनी साधी विचारपूसही केली नाही. "सांगितलं होतं ना तुला? माझ्या बापाने इलेक्शनच्या कामासाठी आजच्याच दिवशी आमच्या कामगाराला, भीमराजला, इथे उभं केलं. हात गेला, मग जीव गेला. आता चालती हो. परत तोंड दाखवू नकोस."

छापलेला कागद त्यांनी तिच्यासमोर फाडला.

गंधाली सुखरूप जर्मनीला पोचली. आम्हाला वाटलं, सुटलो.

परवा व्हिडिओ कॉलवर बोलत होती. बोलता बोलता तिचा उजवा हात पुढे जायचा, मागे यायचा... कागद लावल्यासारखा.

"हाताचं काय चाललंय गं?" मी विचारलं.

"कुठे काय?"

तिला कळतही नव्हतं.

सोमवारी तिची तसल्याच मशीनवर परीक्षा आहे. जाऊ नकोस म्हणून मी हातापाया पडले. "वर्ष वाया जाईल, वेडी आहेस का," म्हणाली.

हात चालूच होता. परवापासून मला अन्न गोड लागत नाहीये.