छत्तीस ड्रम आणि एक बरणी

गोदामात छत्तीस ड्रम होते. नऊ-नऊच्या चार रांगा. पस्तीस ड्रम निळे आणि एक हिरवा, कारण निळे संपले होते. दोन दरवाजे, त्यांतला खाडीकडचा उघडा. एक वजनकाटा, एक शिडी, शिडीच्या वरच्या पायरीवर झोपलेलं एक मांजर. आणि चौथ्या रांगेत, माझ्याकडे पाठ करून, बोटाने ड्रम मोजत असलेला एक अनोळखी माणूस.

"छत्तीसच आहेत," मी म्हटलं. "मी मोजलेत."

"तुम्ही मोजलेत ते तुमचे," तो न वळता म्हणाला. "एकतीस, बत्तीस—"

मग तो वळला. बोट हवेतच राहिलं.

"झालं," तो म्हणाला. "विसरलो. आता परत पहिल्यापासून."

तो खरोखरच पहिल्या रांगेपाशी गेला आणि पुन्हा मोजायला लागला. मला तिथे काहीच काम नव्हतं, तरी मी उभी राहिले.

त्याचं नाव भगवंत. आमचा माल विकत घेणाऱ्या अमेरिकन कंपनीने मुंबईची एक तपासणी एजन्सी नेमली होती, तिचा तो नमुने काढणारा माणूस. मी सुनेत्रा चुरी, चिंचणीची. पालघरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि दोन वर्षांपासून बोईसरच्या या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. ड्रममध्ये पांढरी पावडर होती, एका औषधाचा कच्चा माल. ती किती कोरडी आहे हे मी मोजलं होतं. पाणी ०.२८ टक्के. मर्यादा ०.५०. दाखल्यावर सही माझी.

एरवी अशा सहीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण तो १९९२चा मे महिना होता. औषधांच्या पेटंटवरून अमेरिका आणि आपलं सरकार यांचं भांडण जुंपलं होतं, आणि रागाच्या भरात अमेरिकेने आपल्या औषधांवरची, रसायनांवरची जकातमाफी काढून घेतली होती. आमच्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की शुक्रवारी न्हावाशेव्याहून सुटणाऱ्या जहाजावर माल चढला तर जकातीचा बोजा ते सोसतील. त्यानंतर एक ड्रमही नको. म्हणजे गुरुवारी दुपारी चारला ट्रक मनोरच्या रस्त्याला लागला नाही, तर याच मालासाठी उभारलेल्या सुकवण विभागाला कुलूप लागणार होतं. तिथे बावीस माणसं होती.

त्या बावीस जणांतला सर्वांत जुना म्हणजे दामू. डोंगराकडच्या गावचा, हाडाने काटक, जिभेने त्याहून. त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर सगळे आंतरराष्ट्रीय राजकारण बोलत होते. कुणीतरी म्हणालं, आपणही जशास तसं करावं, त्यांच्या बदामांवर जकात चढवावी. दामूने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "चढवा की. आमी कवा बदाम खाल्लं?"

बुधवारी सकाळी दामूने ड्रम उघडून दिले. नियम असा, की ड्रमच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि त्यात एक मिळवायचा. छत्तीसातले सात. भगवंतने ते सात ड्रम स्वतः निवडले, हिरवा धरून. प्रत्येकात स्टीलची लांब नळी तळापर्यंत घालून पावडर काढली आणि एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत एकत्र केली. त्या बरणीतून तीन बाटल्या भरायच्या, त्यांवर लाखेचं सील मारायचं. एक बाटली आमची, एक गिऱ्हाइकाची, एक वाद झाला तर राखीव. सील पडलं की त्या तीन बाटल्या म्हणजेच सगळा माल.

लाख वितळवायला स्पिरिटचा दिवा लागतो. दिव्यात स्पिरिट नव्हतं. दामू ते आणायला स्टोअरकडे गेला आणि आम्ही दोघं गोदामाच्या ओट्यावर वाट पाहत बसलो. तो स्टुलाशेजारी, बरणी स्टुलावर, बरणीवर मलमलीचं स्वच्छ फडकं. मी माझा डबा उघडला. आईने दिलेले भाजलेले पोह्याचे पापड होते त्यात.

"यावर जकात लागेल," तो म्हणाला आणि त्याने एक पापड उचलला.

"कसली?"

"माझ्या हद्दीत आणलात म्हणून."

"मग तुमच्या चहावर मीपण लावीन."

"लावा ना," तो म्हणाला. "भांडण वाढू द्या की थोडं..."

मी दुसरीकडे पाहिलं. खाडीवरून वारा येत होता, खारट, ओलसर. त्या वाऱ्याने केस कपाळाला चिकटतात. मी ते मागे सारले, आणि तो बघतोय हे मला न बघताच कळलं.

तो परभणीचा. वडील नागोराव तिथल्या बियाण्यांच्या गोदामात नमुने तपासत, लहानपणी हाही त्यांच्यामागे फिरे. "आमच्याकडे मे महिन्यात ओठ फुटतात," तो म्हणाला. "इथं तर शर्ट वाळायलाच तयार नाही." एजन्सीत तो अजून कच्चा होता, जूनमध्ये कायम होणार होता. तोवर एक जरी चूक कागदावर आली तरी घरी. हे त्याने हसत सांगितलं. मग म्हणाला, "एवढं कुणाला सांगत नाही मी."

"मग मला का सांगितलंत?"

"तेच... तेच बघतोय."

दामू दिवा घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं एकदम उठलो. डबा ओट्यावरच राहिला.

दुपारी दोन्ही बाजूंच्या देखत चाचणी. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कमलाकांत राऊत, आम्ही त्यांना राऊतसर म्हणायचो, ते माझ्या मागे उभे. समोर भगवंत. पाणी मोजायच्या त्या द्रावणाला सडक्या मासळीसारखा वास येतो. तो नाक न मुरडता बसला होता. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब पडत होते. द्रावण पिवळं आहे तोवर पाणी शिल्लक आहे. पाणी संपलं की तपकिरी होतं. जिथे तपकिरी व्हायला हवं होतं तिथे ते पिवळंच राहिलं. आणखी थेंब. पिवळं. राऊतसरांचा श्वास माझ्या मानेवर आला. आणखी.

०.७४.

मी पुन्हा केलं. ०.७३.

"तुझं अठ्ठावीस कुठून आलं होतं, चुरी?" राऊतसरांनी विचारलं. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, मी बरोबर मोजलं होतं. ते म्हणाले, दोन आकडे एकाच मालाचे कसे असतील? भगवंतने आकडा लिहून घेतला, आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याचंच काही सांडलं होतं. संध्याकाळी सुकवण विभागात दामूने मला फक्त एवढंच विचारलं, "बाई, माल आमी नीट सुकवला व्हता ना?" मी हो म्हटलं.

गुरुवारी मी पहिल्या एस.टी.ने आले. कामाला लागायच्या आधी डोकं मोकळं करावं म्हणून ओट्यावर गेले, आणि तिथे माझा डबा दिसला.

झाकण बाजूला पडलं होतं. डब्यावर भगवंतचा रुमाल होता, चारही कोपरे आत खोचून, अगदी नीट. मी पापड उचलला. तो मोडला नाही, वाकला.

आमच्याकडे मिठाच्या बरणीपासून काडेपेटीच्या डब्यापर्यंत सगळ्याला झाकण असतं, आणि ते लावलं नाही तर आई स्वयंपाकघरातून ओरडते. समुद्राची हवा शिरते. फडकं असतं ते झाकणावर, शोभेला. म्हणून काल बरणीवर मलमलीचं फडकं पाहिलं तेव्हा खाली झाकण आहे, हे मी धरूनच चालले होते. पण परभणीला शत्रू पाणी नाही. तिथे शत्रू धूळ. आणि धुळीला फडकं पुरतं.

मी धावत प्रयोगशाळेत गेले. माझ्या मूळ नमुन्याची बंद बाटली कपाटात होती. त्यातली पावडर मोजली, ०.२८. उरलेली तशाच बरणीत घालून, मलमल टाकून, ओट्यावरच्या त्याच स्टुलावर ठेवली. काल दामूला यायला लागली होती तेवढ्या, पंचवीस मिनिटांनी पुन्हा मोजली. ०.७१.

मला आनंद व्हायला हवा होता. पण आकड्याकडे बघताना मला जून महिना आठवला. दुसऱ्यांदा नमुने काढायचे तर एकच वाट होती. तपासनिसाने स्वतः लिहून द्यायचं, की नमुना काढताना चूक माझी झाली.

तो राऊतसरांच्या केबिनबाहेर बसला होता. माल नाकारल्याच्या कागदावर सही व्हायची होती. मी त्याच्यापुढे रुमाल धरला आणि त्यावर पापड.

"खाऊन बघा."

त्याने दातांखाली धरला. आवाज आला नाही. तो हळूहळू चावायचा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. खाडीकडच्या दरवाजाकडे पाहिलं.

"बरणी," तो म्हणाला.

"मी करून पाहिलं. एकाहत्तर आलं."

मी एवढंच बोलले. लिहून द्या म्हटलं नाही, देऊ नका असंही म्हटलं नाही. मला यातलं काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तो बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिला, चौकोनी, मग त्याहून लहान. मग उठला आणि दार ढकलून आत गेला. मी त्याच्यामागे.

"चूक माझी आहे, सर," तो म्हणाला. "बरणीला झाकण लावलं नव्हतं. फडकं टाकलं होतं."

राऊतसरांनी चष्मा काढला. "किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं तरी."

"झाकण लावायचं तुमच्या एजन्सीत शिकवत नाहीत?"

"शिकवतात. जुनी सवय आड आली. पण लक्ष असतं तर आठवलं असतं."

"मग लक्ष कुठं होतं?"

त्याला उकाडा म्हणता आलं असतं. दिवा म्हणता आलं असतं, दामूला उशीर झाला म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"यांच्याकडे," तो म्हणाला.

केबिनमधला पंखा कुरकुरत होता. माझे कान तापले.

"हेही लिहून देणार?" राऊतसरांनी विचारलं.

"विचारलंत तर देईन."

राऊतसरांनी चष्मा पुन्हा घातला आणि माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं, चुरी?"

"दामूला ड्रम उघडायला सांगते, सर," मी म्हटलं, आणि तिथून निघाले, कारण आणखी क्षणभर थांबले असते तर हसले असते किंवा रडले असते.

ट्रक फाटकाशी उभा होता. पुन्हा सात ड्रम, पुन्हा नळी, पुन्हा बरणी. या वेळी दिव्यात स्पिरिट आधीच भरलेलं. दामू बरणी छातीशी धरून उभा राहिला, एक पंजा झाकणावर घट्ट.

"सायेब," तो म्हणाला, "बरनी आज मी धरतो. तुमी बाईंकडं बगा, नायतर मालाकडं बगा. दोनी नाय जमायचं."

भगवंतने मान खाली घालून सील मारलं. लाखेचा एक थेंब त्याच्या बोटावर पडला. मी ओला बोळा पुढे केला. बोटं क्षणभर एकमेकांना लागली, मग राऊतसर खोकले.

प्रयोगशाळेत राऊतसर या वेळी माझ्या मागे उभे राहिले नाहीत. ते खिडकीशी, ट्रककडे बघत. मी पावडर तोलली. दारात बावीसपैकी निदान दहा जण गोळा झाले होते. भगवंत समोरच्या स्टुलावर. मुंबईला फोन करून झाला होता त्याचा. सोमवारी ऑफिसात हजर राहायला सांगितलं होतं.

"काढतील?" मी हळूच विचारलं.

"बहुतेक." त्याने भाजलेलं बोट फुंकलं. "बोईसरला कुणाला नमुने काढणारा माणूस हवा असेल का?"

"झाकण लावता येत असेल तर."

"शिकेन. पण शिकवणारं कुणी..." तो थांबला. "सुनेत्रा, काल मी ड्रम मोजताना विसरलो ना... तेव्हाच ठरलं होतं माझं. बाकी सगळं त्यानंतर."

त्याने पहिल्यांदा नाव घेतलं होतं. माझा हात ब्युरेटच्या तोटीवर होता, आणि हात थरथरला तर वाचन चुकतं. म्हणून मी आधी हात स्थिर होऊ दिला.

"आकडा मर्यादेत आला तर रविवारी चिंचणीला ये," मी ब्युरेटकडे बघत म्हटलं. "आईला तुला विचारायचं असेल, पापडाच्या डब्यावर रुमाल कोण घालतं ते."

"आणि नाही आला तर?"

मी तोटी फिरवली. थेंब पडू लागले. पिवळं. पिवळं. बाहेर ट्रकवाल्याने इंजिन सुरू केलं. दारातल्या कुणीतरी श्वास घेतला आणि सोडायचा विसरला. मी बाटली फिरवली, अर्धा थेंब सोडला, आणि बाटलीतला रंग बदलला.

वाचन मी दोनदा घेतलं. मग भगवंतला घ्यायला लावलं.

पाणी ०.२९ टक्के.