कोपऱ्याला रंग धरेना

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यावर ती एकटी राहायला लागली, तेव्हापासून मी तिच्यामागे भुणभुण लावली होती, "माझ्याकडे चल." ती हो म्हणायची आणि दर वेळी काहीतरी फाटे फोडायची. शेवटी एकदा तिने काकांचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि माझ्या हातात दिला.

"ही फ्रेम तेवढी रंगवून दे. तुझ्याकडे हा सोनेरी भपका बरा नाही दिसणार. झाली की आलेच मी."

मी रंगाच्या कारखान्यात तपासणी करतो. कुठला रंग कशावर टिकतो आणि कशावरून सोलतो, हे बघणं माझं रोजचं काम. फ्रेम प्लास्टिकची होती, वर लाकडी कोरीवकामाचा आव आणलेली. असल्या गुळगुळीत वस्तूला रंग सहजी धरत नाही. आधी तिची चकाकी मोडावी लागते.

आत्याच्याच गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून बसलो. काच आणि फोटो काढला, फ्रेम साबणाच्या पाण्याने धुतली, बारीक पॉलिशपेपरने घासली, स्पिरिटने पुसली. मग प्लास्टिकवर चालणारा प्रायमर, आणि तो वाळल्यावर फिकट निळ्याचे पातळ हात. आत्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती.

"काकांना चालेल का गं निळा?"

"त्यांना कुठे काय कळायचं! मोजे तरी कधी एका रंगाचे घातले का त्यांनी?" असं म्हणत तिने मांडीवरच्या फोटोच्या गालावरची धूळ बोटाने टिपली.

पुढच्या रविवारी गेलो, तर फ्रेम छान वाळलेली. फक्त उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात रंग उडालेला. प्रायमरसकट. आतलं सोनेरी दिसत होतं.

हाताचं तेल राहिलं असेल, म्हटलं. कोपरा पुन्हा धुतला, घासला, रंगवला. रंग पुन्हा निघाला. बाकीच्या फ्रेमवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढून पाहिली, तर कणही हलला नाही. कोपऱ्यातला मात्र नुसत्या फुंकरीने उडायचा. मग मी हट्टाला पेटलो. कारखान्यातला सगळ्यात चिवट प्रायमर आणला. त्यालाही तो कोपरा बधला नाही.

आणि आता त्या डागांना आकार आला होता. समोर एक लांबट गोल. फ्रेम उलटी केली, तर मागे एकाखाली एक चार. कुणीतरी फ्रेम कोपऱ्यात घट्ट धरून ठेवावी तसे.

मी माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली. पुरली नाहीत. तो हात थोराड होता. मागच्या चारांतला सगळ्यात वरचा ठसा आखूड होता, अर्धवट.

काकांच्या उजव्या तर्जनीचं पेर तरुणपणीच मशीनमध्ये गेलं होतं. मी तेच बोट धरून चालायला शिकलो.

मनात पाल चुकचुकली. आत्याला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं, पण ती मागे उभीच होती. तिने माझ्या हातातून फ्रेम घेतली आणि त्या अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवला. ती घाबरली नाही. उलट, हाका मारमारून थकल्यावर नवरा एकदाचा जेवायला उठून यावा, तसा लटका राग तिच्या चेहऱ्यावर आला.

"अहो," ती म्हणाली, "असं धरून काय बसलाय? सोडा बघू. मी काय तुम्हाला टाकून चाललेय?"

तिच्या हातातली फ्रेम एकदम जराशी उसळली. दुसऱ्या टोकाने ओढून धरलेली वस्तू अचानक सुटावी तशी.

"लाव आता रंग," आत्या म्हणाली.

मी लावला. घासलं नाही, पुसलं नाही, प्रायमरही दिला नाही. माझी सगळी विद्या सांगत होती की हा सोलणार.

वाळल्यावर चिकटपट्टी ओढली. नखाने खरवडलं.

रंग जागचा हलला नाही.

आत्या माझ्याकडे राहायला आली. फोटो तिच्या पलंगासमोर लावला आहे. खरं सांगतो, घराला घरपण आलं. दारातून शिरलो की आधणाचा आवाज येतो, तिची बडबड ऐकू येते. एकट्या माणसाची सवय, म्हणून मी दुर्लक्ष करायचो.

काल संध्याकाळी बूट काढत होतो.

"चहात साखर घालू का रे?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती आत कुणावर तरी लाडाने डाफरली.

"तुम्ही मध्ये बोलू नका हो. मी त्याला विचारतेय."